टिटवाळ्याचा विवाहविनायक आणि लग्नाचें कर्ज

मंगळवारीं संकष्टी आली कीं कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा उरत नाहीं. आंबिवलीच्या पुढचें स्टेशन टिटवाळा. तेथें उतरून, हार, दुर्वा, नारळ घेऊन तळ्याकांठच्या महागणपतीपुढें रांग धरणाऱ्यांत आमचाच शेतकरी, आमचाच सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, आमचाच कारखान्यांतला कामगार जास्त असतो. अंगारकीची ही यात्रा आम्हांस नवी नाहीं. आणि कोणी भक्तिभावानें हात जोडले म्हणून त्याला हसणें हा आमचा धंदाही नाहीं. पण रांगेंतल्या माणसाच्या मनांत काय असतें तें आम्ही जाणतों, कारण तें आमच्याच घरांतलें असतें. लेकीचें जमत नाहीं. जमलें तर पैसा नाहीं. पैसा उभा केला तर जमीन जाते. टिटवाळ्याच्या या देवाला लोक 'विवाहविनायक' म्हणतात तें याच काळजीपोटीं. म्हणून लग्नाच्या कर्जाचा हिशोब मांडायला आम्हांला टिटवाळ्यासारखी दुसरी योग्य जागा दिसत नाहीं.

आधीं देवाची कथा पाहूं. सांगतात असें कीं, येथें काळू नदीच्या परिसरांत कण्व ऋषींचा आश्रम होता. त्यांनीं वाढवलेली लेक शकुंतला. दुष्यंत राजा शिकारीला आला, त्यानें शकुंतलेशीं गांधर्व विवाह केला आणि तो राजधानीला निघून गेला. पुढें दुर्वासाच्या शापामुळें तो तिला विसरला. तेव्हां कण्वांनीं लेकीला गणपतीची स्थापना करून मनोभावें पूजा करावयास सांगितलें. तिनें तें केलें आणि तिचा नवरा तिला परत मिळाला. लग्न जमावें, तुटलेला संसार जुळावा म्हणून लोक येथें येतात तें या कथेच्या भरंवशावर.

कथा गोड आहे. पण आमचा कुणबी बाजारांत बैल घेतांना त्याचे दांत पाहतो, तसे या कथेचेही दांत पाहिले पाहिजेत. शकुंतला ही मूळची महाभारतांतली, आदिपर्वांतली. तेथें कण्वांचा आश्रम मालिनी नदीच्या कांठीं, हिमालयाच्या अंगाला आहे. काळू नदीचें तेथें नांवही नाहीं. तेथें दुर्वासाचा शाप नाहीं आणि हरवलेली अंगठीही नाहीं. हीं दोन्ही पुढें कालिदासाच्या नाटकांत आलीं. आणि गणपतीचें व्रत म्हणाल तर तें महाभारताच्या कथेंत नाहीं व कालिदासाच्या नाटकांतही नाहीं.

मग महाभारतांत आहे तरी काय? तेथें शकुंतला आपल्या मुलाला घेऊन थेट राजाच्या दरबारांत जाते. राजाला सगळें आठवत असतें. तरीही तो भर सभेंत 'मी तुला ओळखत नाहीं' असें सांगतो आणि तिला नाहीं नाहीं तें बोलतो. ती रडत माहेरीं परतत नाहीं. दिलेला शब्द म्हणजे काय, बायको म्हणजे काय, मूल म्हणजे काय, हें ती राजाला त्याच्या सरदार-मानकऱ्यांदेखत ऐकवते. शेवटीं आकाशवाणी होते आणि राजा कबूल करतो कीं, मला सर्व ठाऊक होतें, पण लोक संशय घेतील म्हणून मी नाकबूल केलें.

वाचकहो, दोन्ही कथा शेजारीं ठेवून पाहा. एकींत पुरुष खोटें बोलतो आणि बाई त्याला जाब विचारते. दुसरींत पुरुषाचा दोष शापाच्या माथीं जातो आणि बाईच्या वांट्याला उपास येतो. पहिली कथा आमच्या लेकींना कोणी सांगत नाहीं. दुसरी मात्र घरोघर पोंचली आहे. जिला नवऱ्यानें टाकलें तिला 'एकवीस चतुर्थ्या धर' म्हणून सांगणारे गांवांत दहा निघतात. 'चल, तुझ्या नवऱ्याला पंचांपुढें उभा करूं, पोटगीचा अर्ज करूं' म्हणणारा एकही निघत नाहीं. सासरच्या छळाविरुद्ध २००५ सालीं कायदा झाला. तो आमच्या किती आयाबहिणींना माहीत आहे? आणि चतुर्थीचा चंद्र किती वाजतां उगवतो हें किती जणींना माहीत आहे? या दोन प्रश्नांचीं उत्तरें ज्यानें त्यानें आपल्या घरांत शोधावीं.

आतां देवळाची गोष्ट. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या अमदानींत, म्हणजे १७६१ ते १७७२ या सालांत, या भागांत पाण्याचा दुष्काळ पडला. पेशव्यांनीं येथल्या तळ्याचा गाळ काढण्याचा हुकूम दिला. गाळ काढतांना मूर्ति सांपडली, आणि ती सरदार रामचंद्र मेहेंदळे यांना सांपडली, असें सांगतात. पुढें देऊळ बांधलें गेलें. पेशव्यांचें नांव राहिलें, सरदारांचेंही राहिलें. आम्हांला त्या दोघांविषयीं तक्रार नाहीं. तहानलेल्या रयतेसाठीं तळें साफ करण्याची बुद्धि ज्या राज्यकर्त्याला झाली, त्याचें नांव अवश्य राहावें.

पण गाळ कांहीं हुकमानें निघत नाहीं. तो कुदळ-फावडें घेऊन, मांडीभर चिखलांत उभें राहून, टोपलीनें डोक्यावरून वाहावा लागतो. या मुलुखांत मातीकामाला जाणारे हात आगऱ्यांचे, कुणब्यांचे, कोळ्यांचे, महारांचे, कातकऱ्यांचे, ठाकरांचे. देवाच्या दगडावर पहिली कुदळ वाजली असेल ती सरदाराच्या हातांतली नव्हे. ज्याच्या कुदळीनें देव वर आला त्याचें नांव कोठल्याही माहात्म्यांत नाहीं. इतकेंच असतें तरी एक वेळ सोसलें असतें. पण चिखल वाहणाऱ्यांपैकीं ज्यांना अस्पृश्य मानलें त्यांच्या पुढच्या पिढ्यांना सार्वजनिक देवळांत शिरण्याचा हक्क मुंबई इलाख्याच्या कायद्यानें मिळाला तो १९४७ सालीं! माधवरावांच्या मृत्यूपासून पावणेदोनशें वर्षें झालीं होतीं. तोही हक्क आपोआप आला नाहीं. १९३० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुयायांना नाशकास काळारामाच्या दारांत सत्याग्रह करावा लागला आणि १९४७ सालीं साने गुरुजींना पंढरपुरास उपोषणाला बसावें लागलें. आज टिटवाळ्याच्या रांगेंत सगळ्या जातींचीं माणसें एकमेकांना खेटून उभीं असतात. ही समता लढून मिळाली आहे, हें त्या रांगेनें विसरूं नये.

रविवारचीही तीच गोष्ट. रविवारीं मुंबई-ठाण्याचा कामगार बायकामुलांसह टिटवाळ्यास दर्शनाला येतो. हा रविवार त्याला मोकळा कोणीं केला? ठाण्यांत जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनीं. जोतीराव फुल्यांचे हे सहकारी, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. त्यांनीं गिरणी कामगारांना उभें केलें, अर्ज केले, सभा भरवल्या, आणि १८९० सालीं रविवारची सुट्टी मिळवली. त्याच सालीं मुंबईच्या न्हावी बांधवांनीं विधवांचें केशवपन करणार नाहीं असा निर्धार केला, त्यामागेंही लोखंडेच होते. लग्न न जमलेल्या मुलीची काळजी वाहणाऱ्या समाजानें नवरा मेलेल्या मुलीचें काय केलें होतें, हें त्या न्हाव्यांच्या वस्तऱ्याला ठाऊक होतें. आणि तो वस्तरा त्यांनीं खालीं ठेवला. आमच्या कारागीर वाचकांनीं या गोष्टीचा अभिमान धरावा.

आम्ही टिटवाळ्याच्या देवळाभोंवतीं हिंडलों, रांगेंतल्या मंडळींशीं बोललों. कोणी लेकीसाठीं आलेले, कोणी लग्नाची पहिली पत्रिका देवापुढें ठेवायला आलेले. पत्रिका ठेवणाऱ्या एका गृहस्थांना आम्हीं विचारलें, "काका, खर्च किती?" ते हंसले आणि म्हणाले, "दोन गुंठे." रुपयांत उत्तर नाहीं, उत्तर जमिनींत! कल्याणच्या आसपास गांवोगांव इमारती उभ्या राहिल्या, जमिनीला भाव आला, आणि लग्नाचें माप रुपयांवरून गुंठ्यांवर गेलें. हळदीला मांडव वेगळा, लग्नाला वेगळा. वाजंत्री, गाड्या, फटाके, हजार पानें. ज्याच्याजवळ जमीन आहे तो ती विकतो. ज्याच्याजवळ नाहीं तो पतपेढीकडे, सावकाराकडे, मुकादमाकडे जातो. 'ऋण काढून सण' ही म्हण आमच्या आज्यापणज्यांनीं टिंगल म्हणून काढली. आम्हीं ती रीत म्हणून पाळायला घेतली.

या लग्नकर्जाचें टोंक कोठें असतें, तें याच ठाणें जिल्ह्यानें पाहिलें आहे. जव्हार, डहाणू, उंबरगांव या बाजूच्या वारली बांधवांत 'लग्नगडी' नांवाची एक गुलामी होती. आज त्यांतला डहाणू-जव्हारचा मुलूख २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत गेला आहे आणि उंबरगांव गुजरातेंत आहे; पण तेव्हां डहाणू आणि उंबरगांव ठाणें जिल्ह्यांतच. वारली तरुणानें लग्नासाठीं जमीनदाराकडून थोडेसे रुपये घ्यावे, आणि त्या रुपयांपायीं तो आणि त्याची बायको जन्मभर जमीनदाराच्या दारीं राबावीं. कर्ज फिटायचें नाहीं. बाप मेला कीं मुलानें राबावें. लग्न लागलें त्याच दिवशीं दोघांच्या गळ्यांत दावें पडलें, असा तो प्रकार. मंगलाष्टकें आणि बेड्या एकाच मुहूर्तावर!

ही गुलामी मोडण्याची सुरुवात कोठें झाली, वाचकहो? याच टिटवाळ्यास! जानेवारी १९४५ मध्यें महाराष्ट्राच्या किसान सभेची परिषद टिटवाळ्यास भरली. तिचें आमंत्रण घेऊन गोदावरीबाई परुळेकर उंबरगांवच्या रानांत गेल्या होत्या. कांहीं वारली परिषदेला आले. इतर भागांतले शेतकरी उभे राहून सावकाराविरुद्ध, वेठीविरुद्ध बोलतात, हें त्यांनीं पाहिलें, आणि तेंच घेऊन ते आपल्या पाड्यांवर परतले. पुढें २३ मे १९४५ रोजीं झरी गांवीं हजारों वारली जमले आणि त्यांनीं ठरवलें कीं वेठ करणार नाहीं, रोजीं बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या कामावर जाणार नाहीं. मग टोळ्याटोळ्यांनीं गांवोगांव फिरून त्यांनीं लग्नगडी मोकळे केले. याची किंमतही त्यांनीं दिली. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाड्यास गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड व त्यांचे चार साथी ठार झाले. वेठबिगारी बंद करणारा कायदा साऱ्या देशासाठीं झाला तो १९७६ सालीं. वारल्यांनीं आपल्या पायांवर ती त्याआधीं तीस वर्षें मोडली होती.

गोदावरीबाई माहेरच्या गोखले, जन्मानें ब्राह्मण. हें आम्ही मुद्दाम सांगतों. आमचें भांडण जन्माशीं नाहीं. आमच्या मानेवर बसणाऱ्या रूढीशीं आणि तिच्यावर पोट भरणाऱ्यांशीं आहे. ती रूढी चालवणारा आमच्या जातीचा पाटील असला तरी त्याच्याशींही आहे.

तेव्हां टिटवाळ्याचीं माहात्म्यें दोन आहेत. एक शकुंतलेचें, दुसरें लग्नगड्यांचें. पहिलें दुकानांत छापील मिळतें. दुसऱ्याची पाटी आम्हांला त्या वाटेवर कोठें दिसली नाहीं. लग्नाचें विघ्न खरोखर दूर झाल्याची साक्ष पुराव्यासह कोठली मिळते, तर ती दुसऱ्याची. तीं माणसें व्रतानें सुटलीं नाहींत. एकमेकांचा हात धरून सुटलीं.

आतां आमचे कांहीं जुन्या वळणाचे मित्र म्हणतील, "तुम्ही परंपरा मोडायला निघालांत." आम्ही म्हणतों, परंपरा कोणती तें आधीं ठरवूं. या मुलुखाची खरी जुनी परंपरा पाहायची असेल तर आगऱ्यांच्या लग्नांत जाऊन धवलारिणीला विचारा. ती आमचीच एखादी म्हातारी बाई. मांडवांत बसून ती धवले गाते आणि त्या गाण्यानेंच विधी पुढें चालतो. वारल्यांची धवलेरीही तशीच. ती बाई आहे, आणि लग्न तीच लावते. सवाष्णी भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात, धवलेरी गाते, लग्न लागतें. त्याला संस्कृत लागत नाहीं, दक्षिणेची यादी लागत नाहीं. ही रीत या डोंगर-खाडीच्या प्रदेशांतली आहे. ती टाकून हजार पानांची पंगत आणि कानठळ्या बसवणारी हळद आम्हीं घेतली, ती कोणत्या पुराणांतली?

कोणी म्हणतील, "भटजीशिवाय लग्न कायदेशीर कसें?" ही भीति जुनी आहे आणि ती घालणाऱ्यांना तिचें उत्पन्न होतें. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच सालच्या २५ डिसेंबरला पुण्यांत सावित्रीबाईंच्या पुढाकारानें पहिलें सत्यशोधक लग्न लागलें. वधूवरांनीं सर्वांसमोर एकमेकांना वचन दिलें, माळा घातल्या, झालें. पुढें जुन्नर तालुक्यांत ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनीं ग्रामजोशाला न बोलावतां लग्न लावलें म्हणून त्यांच्यावर फिर्याद झाली आणि तो वाद मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला. बोलावलें नाहीं तरी ग्रामजोशाचा हक्क द्या, ही मागणी कायमची बंद करण्यासाठीं मुंबईच्या कायदेमंडळाला १९२६ सालीं कायदा करावा लागला. आज १९५५ चा हिंदु विवाह कायदा स्पष्ट सांगतो कीं, वर किंवा वधू, दोघांपैकीं कोणाच्याही रीतीप्रमाणें लागलेलें लग्न चालतें. आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणें नोंदणी कचेरींत तीस दिवसांची नोटीस देऊन, तीन साक्षीदारांसमोर सह्या केल्या तरीही लग्न पक्कें. या कागदाला मुहूर्त लागत नाहीं आणि कर्जही लागत नाहीं.

तिसरे म्हणतील, "लोक काय म्हणतील?" हे लोक कोण, याचा एकदां शोध घ्या. लग्नाच्या दिवशीं जेवून 'वरण पातळ होतें' म्हणणारे लोक कर्जाचा हप्ता भरायला येतात काय? जमीन खरेदीखतावर जाते तेव्हां ते साक्षीदार म्हणून सही करतात, एवढाच त्यांचा उपयोग. मराठवाड्यांत बापाला आपल्या लग्नाचा खर्च झेपत नाहीं म्हणून शेतकऱ्यांच्या लेकींनीं जीव दिल्याच्या बातम्या आपण वाचल्या. त्या घरांतून चिता उठली तेव्हां हेच लोक 'फार गुणाची मुलगी' म्हणून हळहळले. लोकांच्या तोंडाला भिऊन लेक गमावणें याला अब्रू म्हणत नाहींत.

आमच्याच घरच्या तरुणांनाही दोन शब्द. बाबांनो, हुंडा घेणें आणि देणें हे दोन्ही १९६१ पासून गुन्हे आहेत. 'आम्ही मागत नाहीं, तुम्ही हौसेनें काय घालायचें तें घाला' हीही मागणीच आहे. वऱ्हाडी किती आणायचे, गाडी कोणती, अंगठी किती तोळ्यांची, हें बापाच्या तोंडून वदवून घेऊन तुम्ही मान खालीं घालून बसतां, तेव्हां दुष्यंताच्या गादीवर बसलेले असतां. मुलीकडच्यांच्या कर्जांतला अर्धा वांटा तुमचा आहे, हें ध्यानांत ठेवा.

मग करावें काय? आमचें म्हणणें थोडक्यांत असें. टिटवाळ्यास जायचें त्यानें अवश्य जावें. तळें पाहावें, हात जोडावे, आणि तो गाळ ज्यांनीं उपसला त्यांचीही आठवण करावी. पण परत येतांना देवाला कबूल केलेल्या नवसाइतकाच एक नवस स्वतःला कबूल करावा: लेकीच्या लग्नासाठीं जमीन विकणार नाहीं, व्याजानें रुपया काढणार नाहीं. हळद आणि लग्न एकाच दिवशीं, एकाच मांडवांत. मानपान बंद. गांवांतल्या चार-पांच घरांनीं मिळून एकाच मांडवांत लग्नें लावावीं. आमच्या धवलारिणीला सन्मानानें पाटावर बसवावें आणि दुसऱ्या दिवशीं नोंदणीचा दाखला हातीं घ्यावा. मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस वर्षांचा झाल्याशिवाय बोलणींच करूं नयेत. आणि वांचलेला पैसा? तो लेकीच्या शिक्षणांत घाला. तिच्या हाताला कसब आलें, चार पैसे ती स्वतः मिळवूं लागली, कीं उद्यां कोणी दुष्यंत 'ओळखत नाहीं' म्हणाला तरी ती महाभारतांतल्या शकुंतलेसारखी ताठ उभी राहील.

हें एकट्याला जड जाईल, हें आम्ही जाणतों. एका घरानें साधें लग्न केलें तर त्याला कंजूस म्हणतील. गांवांतल्या वीस घरांनीं केलें तर ती गांवची रीत होईल. म्हणून गांवोगांव, वाडीवाडीला बैठका घ्या, मंडळीच्या सह्यांचा ठराव करा, तो देवळांत मोठ्यानें वाचा आणि चावडीवर लावा. ठराव मोडणाऱ्याच्या पंगतीला जाऊं नका, मग तो पुढारी असो कीं पैसेवाला. येत्या अंगारकीला जे टिटवाळ्यास जाणार आहेत त्यांनीं हा अंक बरोबर न्यावा. रांग मोठी असते, वेळ पुष्कळ असतो. पुढच्या-मागच्यांना तो वाचून दाखवावा, आणि घरीं लेकी आहेत त्यांना एवढेंच विचारावें, "दादा, यंदा लेकीचें लग्न मांडवांत लावायचें कीं सातबाऱ्यावर?"